चहाच्या ग्लासावरची रेघ

खालापूर तालुक्यातल्या विज्ञानशिक्षकांच्या एका लहानशा शिबिरासाठी पावसाळ्यात खोपोलीला जाणे झाले. दुपारच्या सुट्टीत आम्ही आठदहाजण जवळच्या टपरीवर चहाला उभे होतो. एका बाईंनी रिकामा झालेला ग्लास उजेडात धरला, बोटाने चाचपून पाहिला आणि मला म्हणाल्या, "सर, याला तडा गेलाय का हो? वरपासून खालपर्यंत रेघ लागतेय हाताला. आणि समोरच्या बाजूलाही तशीच आहे."

टपरीवाले मामा माझ्याआधीच बोलले. "तडा नाही बाई, कालच खोक्यातून काढलेत. सगळ्यांनाच असते ती रेघ."

मामांचे म्हणणे बरोबर होते. तडा काचेच्या आत जातो, ही रेघ पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली असते. ज्या लोखंडी साच्यात तो ग्लास घडला, त्याच्या दोन फाळक्या जिथे मिटतात तिथे वितळलेली काच केसभर शिरते आणि थिजते. ती ही रेघ. काही ग्लासांवर अशा तीन रेघा असतात, कारण साचा तीन फाळक्यांचा असतो. काहींवर एकही नसते, कारण साचा अखंड असतो. अशा वेळी काठाच्या थोडे खाली बोट फिरवावे, तिथे एक बारीक कडे लागते. कित्येकदा कारागीर ही रेघ पैलूच्या कोपऱ्यावर आणून हुशारीने लपवतो. शिबिरातल्या पुढच्या तासाचा विषय दुसराच होता, पण तो तास या ग्लासानेच खाल्ला. त्या दिवशी घाईत जे सांगता आले नाही, ते येथे थोडे सविस्तर मांडतो.

आपण या ग्लासातल्या अर्ध्या चहाला 'कटिंग' म्हणतो. ग्लासाला पैलू आहेत, म्हणून तो कापलेल्या काचेचा असावा असे वाटते. पण तो कापलेला नाही, दाबलेला आहे. आणि कापलेल्या काचेची नक्कल करण्यासाठीच ही दाबण्याची रीत वाढली. ही रीत मोठ्या प्रमाणावर प्रथम रुजली ती अमेरिकेत, साधारण १८२५ नंतर.

फुंकणी आणि दट्ट्या

त्याआधी जवळजवळ १८०० वर्षे काचेचे पोकळ भांडे करायचे म्हणजे फुंकायचे. लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचे, फिरवत राहायचे. हे शिकायला वर्षे लागत. फुंकून झालेल्या भांड्यावर नक्षी हवी असेल तर ते थंड झाल्यावर फिरत्या चाकावर धरून पैलू पाडायचे आणि मग ते घासून चकचकीत करायचे. असे भांडे श्रीमंताच्या घरीच दिसे.

दाबण्याची रीत याहून अगदी वेगळी. एक कामगार सळईच्या टोकावर वितळलेली काच उचलून आणतो आणि साच्यावर धरतो. मधाप्रमाणे ती खाली ओघळते. दुसरा कामगार पुरेशी काच पडली असे वाटताच कात्रीने धार तोडतो आणि लगेच तरफ ओढून साच्यात दट्ट्या उतरवतो. साच्याच्या भिंतीवर कोरलेली नक्षी भांड्याला बाहेरून मिळते, दट्ट्याचा आकार आतून मिळतो. साचा उघडला की भांडे तयार. साऱ्या कामाला काही सेकंद पुरतात.

वाचताना हे सोपे वाटते. पण कात्री कधी चालवायची हे केवळ नजरेने ठरते. काच कमी पडली तर काठ अपुरा राहतो, जास्त झाली तर भांडे जाड होते. साचा थंड असेल तर काचेवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर काच लोखंडाला चिकटते. म्हणजे कौशल्य गेले असे नाही. ते फुंकणाऱ्याच्या छातीतून आणि बोटांतून निघून साचा कोरणाऱ्याच्या छिन्नीत आणि कात्री धरणाऱ्याच्या डोळ्यांत गेले.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: टपरीवरचा ग्लास खाली निमुळता आणि वर रुंद का असतो? दट्ट्या वर ओढून काढायचा असतो, म्हणून. आतली पोकळी वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर दट्ट्या आतच अडकेल. बाटली केवळ दाबून होत नाही ती याच कारणाने. तिला कुठेतरी फुंकर लागतेच. विहिरीवरची बादली निमुळती का, हा प्रश्न याला जोडून घेता येईल, मात्र तिचे उत्तर वेगळे निघते.

जेवणाच्या टेबलावर

इंग्लंडमध्ये चिमट्याने दाबून झुंबरांचे लोलक आणि पेल्यांच्या बैठका करण्याची पद्धत अठराव्या शतकातच होती. अमेरिकेत १८२५ मध्ये पिट्सबर्गच्या जॉन बेकवेल यांनी कपाटांच्या मुठी दाबून घडवण्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी बोस्टनचे डेमिंग जार्व्हिस यांनी केप कॉड या भूशिरावरच्या सँडविच गावी काचेचा कारखाना काढला. पुढे तो 'बोस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी' या नावाने प्रसिद्ध झाला. दाबण्याचे यंत्र नक्की कोणी शोधले याचा वाद सोडवणे कठीण आहे, कारण १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीला आग लागली आणि जुने दप्तर जळाले. सँडविचमध्ये १८२७ च्या सुमारास पहिला पेला दाबून निघाला तेव्हा फुंकणारे कारागीर इतके चिडले की जार्व्हिस यांना काही काळ लपून राहावे लागले, अशी कथा सांगतात. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण कारागिरांची भीती मात्र खोटी नव्हती.

सँडविच समुद्रकाठी आहे, तेव्हा तिथल्या वाळूसाठी कारखाना तेथे काढला असेल असे कोणालाही वाटेल. खरे तर ती वाळू काचेला चालत नव्हती. वाळू न्यू जर्सीहून आणि पुढे बर्कशायरच्या डोंगरांतून आणावी लागे. जार्व्हिस यांनी जागा निवडली ती आसपासच्या जंगलासाठी, म्हणजे भट्टीच्या सरपणासाठी. काचेच्या धंद्यात वाळूपेक्षा इंधन महाग पडते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

सुरुवातीच्या दाबलेल्या भांड्यांत एक खोट होती. लोखंडाला टेकल्यामुळे काचेची झळाळी जाई, कात्रीचा व्रणही दिसे. साचेकारांनी त्यावर नामी तोड काढली. साऱ्या पृष्ठभागावर इतके बारीक ठिपके, वेली आणि फुले कोरली की दोष झाकला जाई आणि प्रत्येक ठिपक्यातून प्रकाश मोडून भांडे चांदीसारखे चमके. या मालाला तिकडे 'लेस' कापडाची उपमा देत. पुढे साच्यातून काढलेले भांडे पुन्हा क्षणभर ज्वाळेत धरून पृष्ठभाग वितळवून गुळगुळीत करण्याची रीत आली आणि ठिपक्यांची गरज उरली नाही. मग साधे, रुंद पैलूंचे नमुने निघाले. आपला चहाचा ग्लास त्या साध्या पैलूंच्या घराण्यातला.

या मालात सर्वांत गमतीची वस्तू म्हणजे कप ठेवण्याची चिमुकली ताटली. त्या काळी अनेक अमेरिकन माणसे चहा बशीत ओतून पीत! बशी अशी हातात गेल्यावर ओला कप टेबलाच्या कापडावर कुठे ठेवायचा? त्यासाठी तीनचार इंचांची काचेची ताटली निघाली. तिच्यावर आगबोटी, बंकर हिलचा स्मारकस्तंभ, १८४० च्या निवडणुकीतले विल्यम हेन्री हॅरिसन यांचे लाकडी खोपटे, असे काय काय छापलेले असे. म्हणजे प्रचारही ताटलीवरून चाले. पुढे बशीतून पिणे गावंढळपणाचे ठरले आणि ताटल्या कपाटात गेल्या. आपल्याकडे बशीत ओतून फुर्रर्र करणाऱ्या आजोबांना हसणाऱ्या नातवंडांना हे सांगायला हरकत नाही.

शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बेताच्या मिळकतीच्या घरीही टेबलावर एकाच नक्षीचा संच दिसू लागला: लोण्याचे झाकणाचे भांडे, साखरदाणी, दुधाचे भांडे आणि चमचे उभे ठेवायचे भांडे. यांशिवाय पाण्याचे पेले, फळांची उंच तबके, आणि सेलरीच्या दांड्या फुलांसारख्या उभ्या ठेवायचे एक उंच पात्र. सेलरी तेव्हा महाग भाजी होती, ती पाहुण्यांना दिसलीच पाहिजे! एकाच नक्षीची सारी भांडी ही पूर्वी सरदारांच्या घरची चैन. साचा एकदा कोरला की त्यातून हजारो नग निघतात, म्हणून ती चैन गिरणीकामगाराच्या घरी आली.

शिसे गेले, सोडा आला

सँडविचची काच शिशाची होती. शिशाच्या ऑक्साइडमुळे काच जड होते, प्रकाश जास्त मोडते आणि टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. शिवाय ती हळूहळू थिजते, त्यामुळे दट्ट्या चालवायला सवड मिळते. पण शिसे महाग. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ते आणखी महागले. १८६४ मध्ये व्हीलिंग येथील हॉब्ज, ब्रोक्युनियर कंपनीतले विल्यम लेटन यांनी वाळू, खाण्याचा सोडा आणि चुना यांच्या प्रमाणाचा असा मेळ घातला की काच शिशाच्या काचेइतकीच स्वच्छ निघाली आणि खर्च कितीतरी कमी आला.

सोडा आणि चुन्याची काच काही नवी नव्हती, ती रोमन काळापासून आहे. शुद्ध वाळू म्हणजे सिलिका. ती वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. सोडा घातला की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते. चुना घातला की ती पाण्याला दाद देत नाही. आजच्या साध्या ग्लासात शेकडा सुमारे ७२ भाग सिलिका, १४ भाग सोडा आणि १० भाग चुना असतो. लेटन यांनी जुनेच मिश्रण स्वच्छ केले आणि दाबण्याच्या कामाला जुळवले. ही काच लवकर थिजते म्हणून कामगारांना हात चपळ करावे लागले. त्यामुळे तासाला निघणारे नगही वाढले.

न्यू इंग्लंडमधल्या जुन्या कारखान्यांना ही 'हलकी' काच पसंत नव्हती. आपली शिशाची काच वाजते, तुमची वाजत नाही, असा त्यांचा अभिमान. पण गिऱ्हाईक पेले वाजवायला घेत नव्हते. धंदा कोळशाच्या आणि पुढे नैसर्गिक वायूच्या मुलखात, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात सरकला. संपानंतर १८८८ मध्ये सँडविचची भट्टी कायमची विझली. बोस्टनशेजारची न्यू इंग्लंड ग्लास कंपनी त्याच वर्षी ओहायोत टोलेडोला गेली. १८९१ मध्ये १८ कारखान्यांनी मिळून 'युनायटेड स्टेट्स ग्लास कंपनी' काढली. स्वस्ताईची किंमत कोणी दिली तेही सांगायला हवे. भट्टीपासून भांडी उचलून नेण्याचे काम लहान मुले करत, रात्रपाळीतसुद्धा. १९०८ मध्ये लुइस हाइन या छायाचित्रकाराने इंडियाना आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या काचकारखान्यांतल्या या मुलांची छायाचित्रे घेतली. बालमजुरीविरुद्धच्या चळवळीत ती फार उपयोगी पडली. फिरोजाबादच्या भट्ट्यांतली मुले आपल्याला वर्तमानपत्रांतून माहीत आहेतच. कात्री आणि दट्ट्याबरोबर ही गोष्टही त्या रीतीसोबत आली.

आपल्याकडे काय झाले?

अमेरिकन घरांतल्या या काचेच्या भरभराटीच्या काळात एक मराठी मुलगी तिकडे राहत होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला पोचल्या, न्यू जर्सीत रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. याच फिलाडेल्फियात १८७६ च्या प्रदर्शनात गिलिंडर कंपनीने प्रत्यक्ष भट्टी मांडून लोकांसमोर काच दाबून दाखवली होती.

इकडे काय स्थिती होती? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्ताचा वाद बरीच वर्षे गाजला. योगायोग असा की ही चहापार्टी घडवून तिचा बोभाटा करणारे गृहस्थ म्हणजे आनंदीबाईंचे पती गोपाळराव. ज्या समाजात कोणाच्या हातचा चहा हा एवढा प्रश्न होता, तेथे काचेचे भांडे स्वयंपाकघरात शिरणे सोपे नव्हते. माझ्या मते याला सोवळ्याइतकेच दुसरे कारण आहे. पितळेचा तांब्या चेपला तरी मोडीत विकता येतो. त्याला मोड आहे, म्हणजे तो घरातला एक ठेवा आहे. काच फुटली की मोड शून्य. अमेरिकन गृहिणीकडे हा हिशोब नव्हता, कारण तिच्याकडे चांदीवाचून मोडीला मोल येईल असे फारसे काही नव्हतेच. म्हणून आपल्या घरांत पितळेनंतर आले ते स्टेनलेस स्टील. दाबलेली काच घरात न येता चहाच्या दुकानात गेली.

दुकानात मात्र तिच्याइतके सोयीचे काही नव्हते. पितळेची उष्णतावाहकता काचेच्या सुमारे शंभरपट आहे. पितळी पेल्यातला उकळता चहा हातात धरवत नाही. काचेचा ग्लास काठाला धरून पिता येतो. चहा किती कडक आहे ते गिऱ्हाइकाला दिसते. जाड काच पडझड सोसते, पैलूंमुळे ओल्या हातातून निसटत नाही. मात्र हाच ग्लास कित्येक गावांत सर्वांना एक नव्हता. दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर कोनाड्यात ठेवण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ काळ होती. ज्या जिल्ह्यात १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, तो कुलाबा, म्हणजेच आजचा रायगड, आपलाच. विज्ञानाच्या तासाला हे सांगू नये असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही.

आता काच तयार करण्याकडे वळू. मुंबईहून लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आणि मधला बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला. मुंबई बंदरात उतरलेला विलायती, जर्मन आणि ऑस्ट्रियन काचमाल याच वाटेने, कर्जतला जोडइंजिन लावून, घाटावर चढू लागला. दिव्यांच्या काचा, बाटल्या, बांगड्या, पेले, सगळे बाहेरचे. स्वदेशीच्या चळवळीत काच हा विषय पुढे आला तो यामुळे.

घाट चढून गेले की थोड्याच अंतरावर तळेगाव दाभाडे लागते. १९०८ मध्ये तेथे 'पैसा फंड' काचकारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्यांनी ती उचलून धरली. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एका रुपयाला ६४ माणसे, हजार रुपयांना ६४ हजार माणसे. हे गणित मुलांकडून करून घ्यावे म्हणजे त्या वणवणीची कल्पना येते. कारखाना सुरू झाला त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले.

कारखान्याचे पहिले तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय. ते उत्तर हिंदुस्थानातले, जपानमध्ये आणि नंतर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले. ही संस्था त्या काळी बोस्टन शहरात होती. न्यू इंग्लंड ग्लास कंपनीची वीस वर्षांपूर्वी विझलेली भट्टी होती ती नदीपलीकडे, केंब्रिजला. या कारखान्याचे मोल तिथल्या मालापेक्षा तिथून शिकून बाहेर पडलेल्या माणसांत अधिक होते. देशभरातल्या पुढच्या काचकारखान्यांना कामगार आणि जाणकार तळेगावने पुरवले. वार्ष्णेय पुढे उत्तर प्रदेशात बहजोईला गेले आणि तिथे मोठा कारखाना उभारला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाड स्टेशनजवळ ओगलेवाडी वसवली. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाने अमेरिकन डिट्झ आणि जर्मन कंदिलांशी टक्कर दिली. आमच्या खालापुरातल्या घरी वीज आल्यावरही एक प्रभाकर कंदील बरीच वर्षे खुंटीला होता. त्याची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे, कारण घरात माझाच हात तिच्यात जाई.

कंदिलाची काच दाबून होत नाही, ती साच्यात फुंकावी लागते. हे पाहिले की देशी कारखान्यांची अडचण समजते. लोकांना आधी हवा होता उजेड, साखरदाणी नव्हे. आणि जो माल हवा होता, त्याला फुंकणाऱ्यांचे कसब लागत होते.

दुसरी अडचण आपल्या पायाखालच्या खडकाची. कर्जत, खालापूर, तळेगाव हा सारा मुलूख बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये शेकडा दहाहून अधिक भाग लोहाची ऑक्साइडे असतात. स्वच्छ काचेच्या वाळूत शेकडा ०.१ भागही लोह चालत नाही, काच हिरवी होते. (थोडा हिरवेपणा मँगनीज डायऑक्साइड घालून मारता येतो, म्हणून त्याला काचेचा साबण म्हणत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर जांभळट होते!) तेव्हा वाळू दूरची, कोळसा दूरचा, आणि सोडा तर परदेशी. सँडविचला निदान सरपण जवळ होते. तळेगावात जवळ होती ती फक्त माणसे आणि रेल्वे.

पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन माल थांबला आणि देशी कारखान्यांना बरे दिवस आले. पण जपानी माल लगोलग आला, आणि युद्ध संपल्यावर युरोपीयही. कारखानदारांनी संरक्षक जकात मागितली. टॅरिफ बोर्डाने १९३२ मध्ये ती द्यावी असे सुचवले. सरकारने १९३५ मध्ये ती नाकारली. कारण दिले ते असे की काचेला लागणारा सोडा हिंदुस्थानात होत नाही, म्हणून या धंद्याला संरक्षण मिळण्याचा अधिकार नाही. हा युक्तिवाद मला नेहमीच अजब वाटत आला आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस इंग्लंडमध्ये कुठे पिकत होता? पण त्या निर्णयामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली: काचेचा प्रश्न हा सोड्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे बुलढाण्याच्या लोणार सरोवराचा क्षार बांगड्यांना आणि साबणाला पूर्वापार वापरत, पण तो एवढ्या भट्ट्यांना पुरण्यासारखा नव्हता. १९३९ मध्ये सौराष्ट्रात मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली, समुद्राच्या मिठापासून सोडा करण्यासाठी. त्या काळी आपल्याला सोडा विकणारी ब्रनर माँड ही ब्रिटिश कंपनी आणि तिची केनियातली मागाडी सरोवराची खाण हे दोन्ही पुढे, २००५-०६ च्या सुमारास, याच टाटा केमिकल्सने विकत घेतले.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग येथे सुचवतो. पहिला: संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडावे, ग्लास त्यापुढे धरावा आणि ध्रुवणकारी गॉगलची काच डोळ्यासमोर हळूहळू फिरवावी. पडदा काळा दिसू लागला की ग्लासाच्या बुडाशी कुठे कुठे उजळ पट्टे दिसतात. ते काचेतल्या कोंडलेल्या ताणाचे. दाबलेले भांडे साच्यातून काढल्यावर सुमारे ५५० अंशांपासून अगदी सावकाश थंड करतात ते हा ताण जावा म्हणून. घाई झाली की तो राहतो. थंड ग्लासात उकळता चहा ओतल्यावर जाड बूड तडकते त्याचे कारणही तापमानातला फरक हेच. साध्या काचेची मीटरभर पट्टी ७० अंशांनी तापवली तर जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढते. पण आतला थर वाढू पाहतो आणि बाहेरचा वाढत नाही, तेवढे पुरते.

दुसरा प्रयोग माझा नाही. खोपोलीच्या शिबिरातल्या त्या बाईंनी परत गेल्यावर सातवीच्या मुलांना पाताळगंगेच्या काठची वाळू आणायला लावली, ती वाळवली, आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. काळे कण चुंबकामागे रांगेने चालू लागले. मॅग्नेटाइटचे ते कण. बाईंनी फोनवर हे सांगितले आणि एका मुलाचा प्रश्न पुढे केला: आपल्या नदीच्या वाळूची काच केली, तर ती कशी होईल?

काळी होईल. पातळ कपचीतून पाहिली तर तपकिरी किंवा गर्द हिरवी दिसेल. आणि ती करायला भट्टीच हवी असे नाही. बेसाल्टचा लाव्हा फार झपाट्याने निवतो तिथे अशी काळी काच निसर्गातच होते. त्या मुलाला मी एवढेच कळवले आहे की घाटात रस्ता खोदलेला दिसेल तिथे दोन थरांच्या मधली कड नीट पाहा.